समोर नसलेली आई आणि चिंचोक्याचा लाडू

जूनच्या मध्यावर पाऊस आणि शाळा मागेपुढे सुरू होतात, आणि बालवाडीच्या दारात एकच गलका उठतो. कुणी आईची ओढणी दोन्ही मुठींत धरून भोकाड पसरतं, कुणी आजोबांच्या पायांना मिठी मारून मुसमुसतं, कुणी केवळ शेजारचं रडतंय म्हणून गळा काढतं. मोठ्यांना ही आठ-पंधरा दिवसांची कटकट वाटते. मूल एकदाचं ‘रुळलं’ की सुटलो, असं होऊन जातं. मला मात्र त्या दारात उभं राहिलं की थक्क व्हायला होतं. त्या रडण्यातून माणसाच्या बुद्धीची एक अचाट करामत ऐकू येत असते.

तीन महिन्यांचं बाळ असं रडत नाही. भूक लागली, दुपटं ओलं झालं, पोटात दुखलं की ते रडेल. पण आई स्वयंपाकघरात गेली म्हणून नाही. शेजारच्या काकू, आत्या, गल्लीतली पोरं, जो घेईल त्याच्याकडे ते जातं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमाराला मात्र काहीतरी पालटतं. आई उठली की नजर तिच्या मागे जाते, ती दाराआड झाली की ओठ थरथरायला लागतात, आणि कालपर्यंत ज्या काकूंच्या खांद्यावर झोप लागत होती त्या आज परक्या होतात.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या तीन मुलांच्या तान्हेपणी एक साधा खेळ पुन्हापुन्हा करून पाहिला. बाळासमोर खेळणं धरायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते फडक्याखाली झाकायचं. सहा महिन्यांचं बाळ पुढे केलेला हात मागे घेतं, जणू खेळणं जगातूनच नाहीसं झालं. आणखी काही महिन्यांनी तेच बाळ फडकं ओढून खेळणं बाहेर काढतं. नंतरच्या संशोधकांनी बाळांची नजर बारकाईने मोजली तेव्हा दिसलं, की झाकलेली वस्तू अजून तिथेच आहे याची पुसट जाण त्यांना पियाजेंना वाटलं त्याच्या बरीच आधी असते. पण त्या जाणिवेवर भरवसा ठेवून हात पुढे करायला त्यांना वेळ लागतो. आणि जवळजवळ त्याच सुमाराला आई दिसेनाशी झाली की रडणंही सुरू होतं. हा योगायोग मला वाटत नाही. समोर नसलेलं माणूस मनात धरता आलं, तरच त्याची उणीव भासणार.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की बालवाडीच्या दारात मुलाला रडवणारी शक्ती आणि काही आठवड्यांनी त्याच मुलाला चिंचोक्याचा लाडू करून ताईंना भरवायला लावणारी शक्ती एकच आहे. जे समोर नाही ते मनात उभं करणं. रुळणं म्हणजे आईला विसरणं नव्हे. आई मनात पक्की बसली म्हणून हात खेळायला मोकळे होणं.

पण आई मनात आहे एवढ्याने भागत नाही, ती परत येणार हेही मनात असावं लागतं. इथे तीन वर्षांच्या मुलाची खरी अडचण होते. ‘आई साडेबाराला येईल’ या वाक्यात त्याच्या हाताला लागेल असं काहीच नसतं. ‘थोड्या वेळाने’ हे तर त्याहून निसरडं. त्याच्यापाशी वेळ मोजायचं वेगळं साधन असतं: कशामागून काय होतं याचा क्रम. अमेरिकेत कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना अगदी साधे प्रश्न विचारले. तुमच्या पाळणाघरात जेवणाच्या वेळी काय काय होतं? वाढदिवसाला काय होतं? ज्या मुलांना कालची एखादी गोष्ट धड सांगता येत नव्हती, तीच मुलं रोज घडणारं सगळं बिनचूक क्रमाने सांगत होती. एवढ्याशा डोक्यात दिवसाचा अख्खा आराखडा तयार होता.

म्हणून चांगल्या बालवाडीत रोजचा क्रम सहसा मोडत नाहीत. आधी गाणी, मग मोकळा खेळ, हात धुणं, डबा, गोष्ट, चपला, आणि मग आई. मोठ्या माणसाला हे कंटाळवाणं वाटेल. नव्या मुलासाठी तो क्रम हेच घड्याळ असतं. डबा संपला म्हणजे आता गोष्ट, गोष्ट संपली म्हणजे आई, असा हिशेब ते मांडू शकतं. ‘आई कधी येणार?’ असं बाराव्यांदा विचारणाऱ्या मुलाला ‘येईल हं’ म्हणण्यापेक्षा ‘आपण डबा खाऊ, मनीमाऊची गोष्ट ऐकू, चपला घालू, की आई दारात’ असं सांगणारी ताई त्याच्या हातात धरायला काहीतरी देते.

हा हिशेब मोडायचा असेल तर मुलाचं लक्ष खेळण्याकडे वळवून हळूच सटकावं. घरोघरी हा सल्ला मिळतो, चांगल्या मनाने मिळतो, आणि त्या दिवशी तो लागूही पडतो. पण मुलाने त्यातून काय शिकायचं? आपण ठोकळ्यांकडे पाहिलं की आई नाहीशी होते. मग दुसऱ्या दिवशी ते ठोकळ्यांकडे पाहतच नाही. मागे वळून, हात हलवून, ‘गोष्ट झाली की येते’ असं सांगून जाणाऱ्या आईचं मूल त्या क्षणी मोठ्याने रडेल. पण जाणं आणि येणं ही एकाच साखळीची दोन टोकं आहेत, हे त्याला हळूहळू कळत जातं. दोन्ही टोकं दिसल्याशिवाय साखळी कळणार कशी?

आईला चिकटणं आणि जगाकडे धावणं ही एकमेकांविरुद्धची ओढ आहे, असं आपण सहज धरून चालतो. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत २६ कुटुंबांतली तान्ही बाळं महिनोन्‌महिने त्यांच्या घरी जाऊन पाहिली. त्यांना दिसलं ते वेगळंच होतं. आई बसलेली असली की रांगतं बाळ तिच्यापासून दूर जातं, काहीतरी उचलतं, मागे वळून एकदा तिच्याकडे बघतं आणि आणखी पुढे जातं. आई उठून गेली की सगळी मोहीम तिथेच थांबते. म्हणजे आईजवळ असण्याचा उपयोग तिच्यापासून लांब जाण्यासाठी होतो! एन्सवर्थ यांनी तिला बाळाचा सुरक्षित तळ म्हटलं. पुढे बाल्टिमोरमध्ये एका अनोळखी खोलीत, थोडा वेळ आई असताना आणि थोडा वेळ नसताना, त्यांनी हेच नीट मांडून तपासलं. ती पाहणी आज जगभर बालमानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात असते.

हे एकदा कळलं की बालवाडीच्या पहिल्या दिवसांचा प्रश्नच बदलतो. रडणं कसं थांबवायचं, हा प्रश्न उरत नाही. या खोलीत मुलाला दुसरा तळ कसा मिळेल, हा प्रश्न येतो. जर्मनीत १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये आकाराला आलेली एक पद्धत याच पायावर उभी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गात येतात, कोपऱ्यात बसतात, आणि निघून जाण्याचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी ते सांगून काही मिनिटं बाहेर पडतात. मग पाहायचं ते हे नव्हे की मूल रडलं का. पाहायचं हे, की रडल्यावर ते ताईंकडून शांत झालं का. झालं, तर पुढचे दिवस भराभर सरकतात. नाही झालं, तर आई आणखी काही दिवस कोपऱ्यात बसते. मूल रुळल्याची खूण इतकी नेमकी असू शकते याचं मला फार अप्रूप वाटतं: ज्या दिवशी पडल्यावर ते ताईंकडे धावतं, त्या दिवशी ते रुळलं.

रडं थांबणं ही खूण का पुरेशी नाही, तेही त्याच शहरात दिसलं. लीझेलोटे आनर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पंधरा महिन्यांच्या ७० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळं पाळणाघरात नव्याने जाऊ लागली होती, आणि संशोधक त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजत होते. ताण आला की शरीरात वाढणारं हे संप्रेरक. आई निघून गेल्यावर पहिल्या तासाभरात ते घरच्या पातळीपेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वर गेलं. आई सोबत होती त्या दिवसांत, तिच्याशी घट्ट नातं असलेल्या बाळांमध्ये ते कमी राहिलं होतं. आणि काही महिन्यांनी, रडणं-कुरकुरणं ओसरल्यावरही, ते घरच्यापेक्षा थोडं चढंच होतं. आपली बालवाडीतली मुलं या बाळांहून दुपटीने मोठी असतात, तेव्हा हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गप्प बसलेलं मूल आतूनही निवांत असेलच असं नाही, एवढं यातून घ्यायला हरकत नसावी.

काही मुलं आपला तळ बरोबर घेऊन येतात. गोधडीचा तुकडा, आईचा जुना रुमाल, एक कान लोंबणारा कापडी ससा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये पहिल्यांदा अशा चिंध्यांवर गंभीरपणे निबंध वाचला. त्यांच्या मते ही वस्तू धड आईही नसते आणि धड नुसती वस्तूही नसते. आई आणि जग यांच्या मधल्या जागेत ती असते, आणि याच मधल्या जागेत पुढे खेळ जन्माला येतो. आपल्याकडे गोधडी आईच्या, आजीच्या जुन्या साड्यांचीच शिवतात. त्यात वास असतो. जन्माला येऊन आठवडाही न झालेलं बाळ आपल्याच आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे तोंड वळवतं, हे एडन मॅकफार्लेन यांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं. तेव्हा ‘शाळेत चिंध्या आणायच्या नाहीत’ हा नियम ज्या बालवाडीत असेल, तिथे तो कृपा करून रद्द व्हावा. आणि ती चिंधी धुऊ नये, निदान जूनमध्ये तरी.

आपल्याकडे या सगळ्या प्रश्नाला एक उत्तर मिळालं ते तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात. त्या उत्तरातलं धाडस मला आजही नवं वाटतं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या, तिथे मुलांमध्ये राहून शिकल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरात जम बसला होता. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम खेड्यातल्या मुलांसाठी सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गावातल्या दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आया मजुरीला गेलेल्या, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड, शाळा ही आपल्यासाठी नसलेली जागा. कुणालाही वाटलं असतं की या मुलांना गोळा करून आणायची सोय करावी. ताराबाईंनी वाट उलटी केली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावं. ताई खेळणी-साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. आंघोळी घालणं, गाणी, गोष्टी, खेळ, सगळं झोपड्यांच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेत. ती अंगणवाडी. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा केंद्रांना नाव मिळालं ते हेच, आणि आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

रुळण्याच्या दृष्टीने याकडे पाहा. अंगणातल्या मुलाला परकी जागा नव्हतीच. झोपडी मागे, आजी उंबऱ्यावर, कोंबड्या त्याच, नवी फक्त ताई. पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकट्याला सांभाळण्यापायी शाळा बुडवणारी बहीण आता शिकू शकत होती, आणि धाकट्याची बहीण हाकेच्या अंतरावर होती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं ‘मुलांचं घर’ उघडलं, तेही मुलं राहत होती त्याच इमारतींच्या आवारात. एकमेकींपासून इतक्या लांबच्या दोन वस्त्यांमध्ये शाळा मुलाच्या घराशी आली, याचा मला मनापासून आनंद होतो.

मॉन्टेसरींचं सुबक लाकडी साहित्य मात्र बोर्डी-कोसबाडला परवडणारं नव्हतं. त्या जागी आले चिंचोके, गुंजा, शंखशिंपले, पानं, माती, काड्या. पैशाच्या अडचणीतून निघालेली ही वाट किती दूरवर नेणारी होती, ते पुढे येईलच.

तर मूल थोडं रुळलं. आता ते काय करतं? पुष्कळदा काहीच नाही. भिंतीला टेकून उभं राहतं आणि बघतं. आई दुपारी विचारते, ‘खेळला का?’ आणि ताई म्हणतात, ‘नाही हो, नुसता बघत होता.’ अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत मिल्ड्रेड पार्टन यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा मोकळा खेळ टिपून ठेवला आणि १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं हे सगळे त्यात आहेत. पण त्यांनी नुसतं बघत राहण्यालाही स्वतंत्र स्थान दिलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. बघणारं मूल रिकामं नसतं. कोण ढकलतं, कोण देतं, मागितलं तर ताई काय म्हणतात, बादली कुणाची, हा सगळा कारभार ते समजून घेत असतं. मग एक दिवस ते वाळूत दुसऱ्या मुलाशेजारी जाऊन बसतं. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. पण एकाने वाटी उपडी करून वाळूची ढेप पाडली, की पाच मिनिटांनी दुसऱ्यापुढेही ढेप असते.

आणि मग भातुकली. छोटी चूल, पोळपाट-लाटणं, पितळी नाहीतर प्लास्टिकची भांडी, आणि एका वाटीत चिंचोके. (मुठीएवढ्या मुलांच्या हाती चिंचोके देताना ताईंची नजर हवीच, ते नाकात घालून पाहण्याचंही हेच वय असतं.) मूल एक चिंचोका उचलून ताईंपुढे धरतं: ‘लाडू घ्या.’ ताई ‘आहाहा’ करतात. दोघांनाही पक्कं ठाऊक आहे की हा चिंचोका आहे. दोघांनाही पक्कं ठाऊक आहे की हा लाडू आहे. मूल एरवी तो गिळत नाही, आणि ताईंनी लाडवाऐवजी ‘चिंचोका छान आहे’ म्हटलं तर ते नाराज होतं. एकाच वस्तूबद्दल दोन विरोधी गोष्टी मनात धरून त्यांची सरमिसळ होऊ न देणं, हे दोन-तीन वर्षांच्या मेंदूला जमतं तरी कसं?

अॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. त्यांनी १९८७ मध्ये याविषयी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा एक प्रयोग मला फार आवडतो, आणि तो कुठल्याही घरात करता येतो. दोन रिकामे कप घ्यायचे. रिकाम्या किटलीतून मुलाने दोन्हींत खोटा चहा ओतायचा. मग एक कप उचलून उपडा करायचा, झटकायचा, आणि परत ठेवायचा. आता विचारायचं: रिकामा कप कुठला? दोन्ही कप रिकामेच आहेत, पहिल्यापासून रिकामे आहेत. दोन वर्षांचं मूल क्षणाचाही विचार न करता उपड्या केलेल्या कपाकडे बोट दाखवतं. त्याने नसलेला चहा मनात ओतला, तो दोन कपांत किती आहे याची नोंद ठेवली, एकातला सांडल्यावर तेवढाच वजा केला. चहा कधी नव्हताच, तरी त्याचा हिशेब चुकला नाही. आई दिसत नसताना ती आहे हे ज्याने मनात धरलं, तेच मन आता नसलेला चहा धरतं आहे.

या खेळात मोकळीक तर असतेच, पण शिस्त किती असते हे आपल्या लक्षात येत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मधल्या एका व्याख्यानात याकडे लक्ष वेधलं. आई होणाऱ्या मुलीला आईसारखंच वागावं लागतं. रुग्ण झालेल्याला उठून पळता येत नाही, इंजेक्शन मिळेपर्यंत पडून राहावं लागतं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारं मूल खेळात मात्र भूमिकेचे नियम आपण होऊन पाळतं. पुढे १९४० च्या दशकात झिनाइदा मानुइलेंको यांनी मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितलं तेव्हा मुलं लवकर हलली. तू पहारेकरी आहेस, असं म्हटल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या आज्ञेने जे होत नाही, ते पहारेकऱ्याच्या काल्पनिक भाल्याने होतं. ज्या पालकांना मुलाला ‘वळण’ लागावं असं वाटतं, त्यांनी भातुकलीचा तास कापायला सांगू नये, वाढवायला सांगावा.

चिंचोक्यांकडे परत येतो, कारण त्यांतच गणितही आहे. तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर एक ते दहा घडाघडा म्हणतं आणि आपण म्हणतो, याला आकडे येतात. आता त्याला म्हणा, ‘मला तीन चिंचोके दे.’ पुष्कळदा ते मूठभर चिंचोके ओंजळीत टाकतं. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमाराला ही गोष्ट नीट तपासली तेव्हा एक विलक्षण जिना दिसला. मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो. एक मागा, एकच देईल, पण दोन मागा की मूठ. काही महिन्यांनी ‘दोन’ कळतो. आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. एकेका पायरीवर मूल इतका वेळ थांबतं की हा जिना चढायला त्याला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागतं. आणि मग अचानक सगळं उलगडतं. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे समजतं, आणि मग पाच असोत की आठ, मूल मोजून बरोबर देतं. उजळणी पाठ होण्याने ही पायरी येत नाही. बाहुल्यांना एकेक पोळी वाढताना, ‘हिला नाही मिळाली’ म्हणून भांडताना, चार डब्यांना चार झाकणं शोधताना ती येते.

आता हाताकडे पाहू. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर मोठ्यांच्या मनगटातली आठ छोटी हाडं त्यात दिसत नाहीत. साधारण तीन दिसतात. बाकीच्या जागा रिकाम्या वाटतात, कारण तिथे अजून मऊ कूर्चा आहे. जन्मतः तर सहसा एकही दिसत नाही. पहिली दोन काही महिन्यांत उमटतात, मग साधारण दर वर्षाला एकाची भर पडते, आणि आठवं उमटायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. डॉक्टर मुलाचं हाडांचं वय यावरूनही ताडतात. लिहिणं काही एकट्या हाडांवर अवलंबून नाही. स्नायू आणि मज्जातंतूंचा ताबाही त्याच काळात हळूहळू येत असतो. पण असा घडत असलेला हात घेऊन नर्सरीत ‘अ’ गिरवायला बसवायची घाई पाहिली की मला वाईट वाटतं. त्याच हाताला चिंचोका चिमटीत धरायचा असतो, शंखाच्या भोकातून दोरा ओवायचा असतो, मातीचा गोळा थापून भाकरी करायची असते. पेन्सिल धरायला लागणारी तीच तीन बोटं तिथे रोज तासन्‌तास राबतात, आणि मुलाला कंटाळा येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यावर ठेवलं. कोसबाडच्या वाटीतल्या गुंजा-चिंचोक्यांची ही फार उशिरा दिलेली पावती आहे.

मग ताईंनी काय करायचं? एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विचित्र खेळण्यात चार गमती दडवलेल्या होत्या: एक नळी ओढली की चीं आवाज, कुठे दिवा, कुठे सूर, कुठे आरसा. काही मुलांना संशोधिकेने शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, ‘हे बघ, हे असं चालतं,’ आणि चीं करून दाखवलं. इतर काही मुलांसमोर तोच आवाज जणू अपघाताने झाला. मग खेळणं मुलांकडे दिलं. शिकवलेली मुलं चीं करत बसली आणि लवकर थांबली. न शिकवलेली जास्त वेळ खेळली आणि बाकीच्या गमती त्यांनी स्वतः शोधून काढल्या. शिकवलेल्या मुलांत बुद्धी कमी नव्हती; उलट त्यांनी फार शहाणपणाने विचार केला. मोठ्या माणसाने एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार! ताईंच्या शब्दावर मुलांचा असा विश्वास असतो. म्हणून ताईंचं बरंचसं कौशल्य न बोलण्यात असतं: वाटी पाण्याशेजारी ठेवून बाजूला होणं, मुलाला हवी असताना जवळ असणं, आणि ‘असं नाही, असं’ हे शब्द जिभेवर आले तरी गिळणं. हे काम बाहेरून काहीच न केल्यासारखं दिसतं, आणि त्याला मानधनही तसंच मिळतं, याचा मला राग येतो.

दुपारी घरी जाताना आई विचारते, ‘आज काय शिकवलं?’ उत्तर येतं, ‘काही नाही.’ तीन वर्षांच्या मुलासाठी सकाळची बालवाडीही आता समोर नसलेली गोष्ट झालेली असते, आणि ती मनात परत उभी करायला त्याला अजून मदत लागते. रॉबिन फिवुश, एलेन रीस अशा संशोधकांनी वर्षानुवर्षं आया आणि मुलं यांच्यातल्या अशा गप्पा ऐकल्या. ज्या आया मुलाच्या एका शब्दाला धरून पुढचा प्रश्न विचारतात, थोडं आपलंही घालतात, त्यांची मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त भरभरून सांगतात. म्हणून ‘काय शिकवलं’ हे सोडून द्यावं. ‘आज वाळूत तुझ्या शेजारी कोण होतं?’ असं विचारावं. ‘त्याने काय केलं?’ ‘मग तू काय केलंस?’ मूल रस्त्यात थांबतं, आणि वाळूतली ढेप कशी पडली ते दोन्ही हातांनी दाखवू लागतं.